नोकरीचा अर्ज : अनुभव आहे, पण बोलावणं येत नाही

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. दोन वर्षं एका कर सल्लागारांकडे काम करते. एमआयडीसीतल्या कंपन्यांत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी बरेच अर्ज केले, पण मुलाखतीला बोलावणं येत नाही. बायोडेटा सोबत पाठवत आहे. काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या बायोडेटात अनुभवाखाली एकच ओळ आहे : 'टॅली व जीएसटीचे काम पाहिले.' गाडी इथेच अडते. नुकताच टॅलीचा कोर्स केलेला मुलगाही हेच लिहितो. त्यामुळे तुमची दोन वर्षं वाचणाऱ्याला दिसतच नाहीत.

कारखान्याच्या अकाउंट्स मॅनेजरला हवा असतो महिन्याचं चक्र सांभाळणारा माणूस : ७ तारखेपर्यंत टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरणं, ११ पर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० पर्यंत ३बी (महिन्याचा जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). त्यातही २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारा तक्ता) आणि खरेदीच्या नोंदी जुळल्या नाहीत की कंपनीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं, म्हणजे थेट पैसेच अडकतात. म्हणून असं लिहा : 'सहा व्यापाऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅली प्राइममध्ये करते. दरमहा २बी ताळून पाहते, न जुळणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा करते. बँक रिकन्सिलिएशन स्वतः करते.' आकडा मात्र तुमचा खराच टाका, मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. जे काम दुसऱ्याच्या हाताखाली केलं, तिथे 'मदत केली' एवढंच म्हणा. आणि व्यापाऱ्यांची नावं कुठेही लिहू नका. आताच्या मालकांची गुपितं उघड करणाऱ्या माणसाला कोणीही ठेवत नाही.

जाहिरातीत ई-वे बिल (माल पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद) किंवा स्टॉकचा उल्लेख असेल आणि तुम्हाला ते येत असेल, तर ते सर्वांत वर घ्या. दर जाहिरातीला हा क्रम बदलायला दहा मिनिटं लागतात, पण ती द्यावीत.

धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, छंद हे सगळं काढा. एक पान पुरे. मोकळ्या झालेल्या जागेत नोटीस किती दिवसांची आहे आणि रोजचं येणं-जाणं कुठून करणार, ते लिहा. मोबाइलवर काढलेला बायोडेटाचा फोटो पाठवू नका, पीडीएफ पाठवा. ईमेल कोरा सोडू नका : विषयात पद, अनुभव आणि गाव, आत चार-पाच वाक्यं.

प्रश्न : बाळंतपणानंतर चार वर्षं घरी होते. पूर्वी अकाउंट्समध्येच होते. हा खंड झाकावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, ओढूनताणून जुळवलेल्या तारखा तिथे उघड्या पडतात. 'कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम' आणि वर्षं, एवढी एकच ओळ लिहा. त्याखाली अलीकडे काय शिकलात ते द्या. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत, ते अर्ज करण्याआधीच नीट पाहून ठेवा.