‘अशी ही बनवाबनवी’चा आज रिमेक आला तर प्रेक्षक हसतील का?

प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. ‘अशी ही बनवाबनवी’ नव्याने केला तर लोक हसतील का, ही एक. आणि जाता जाता मारलेला टोमणा, की विनोदी सिनेमाचा रिमेक म्हणजे निव्वळ आळस, मूळ ते मूळच. उत्तर देतो, पण टोमणा आधी घेतो. पटकथा-संवादाच्या धंद्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की आता ते तसंच सोडवत नाही.

तुम्ही ज्याला मूळ म्हणताय तोच रिमेक आहे. १९८८ चा ‘बनवाबनवी’ आला हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून, आणि त्याच्याही आधी ही गोष्ट बंगालीत ‘जय मा काली बोर्डिंग’ म्हणून पडद्यावर येऊन गेली होती. मेहमूद, हेमंतकुमारांचं संगीत, दिग्दर्शक हृषीदा, एवढं असून ‘बीवी और मकान’ आज फार कुणाला आठवत नाही. वसंत सबनीसांनी लिहिलेले मराठीतले संवाद मात्र ज्यांनी तो सिनेमा थिएटरात कधी पाहिलाच नाही अशा पोरांना तोंडपाठ आहेत. ‘धूमधडाका’ (१९८५) घ्या. श्रीधर यांनी १९६४ मध्ये तमिळमध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ केला, दोन वर्षांनी स्वतःच हिंदीत ‘प्यार किये जा’ केला, आणि पुढे महेश कोठारेंनी तो मराठीत आणला. ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) हा तमिळ ‘मद्रास टू पाँडिचेरी’, आणि ‘हेरा फेरी’ (२०००) हा मल्याळम ‘रामजी राव स्पीकिंग’ (१९८९). म्हणजे ‘असा विनोद आता होत नाही’ असं म्हणत आपण ज्यांची नावं घेतो, त्यातले बरेच उसनवारीचेच आहेत. यात कमीपणा काहीच नाही.

मग रिमेक पडतो तेव्हा चुकतं काय? एका निर्मात्याशी या मुद्द्यावर माझं जुनं भांडण आहे. त्यांचं म्हणणं असं की मूळ सिनेमा चाललाय, मग हात कशाला लावायचा, भाषा बदला आणि नट तगडे घ्या. खालचं सगळं त्यांनाही उद्देशून आहे असं समजा.

विनोदी गोष्टीत पात्र खोटं बोलतं ते गरजेपोटी. ती गरज प्रेक्षकाला खरी वाटली तर पुढे कितीही अचाट खोटं तो गिळतो. ‘बनवाबनवी’त पुण्यात चार तरुणांच्या डोक्यावर छप्पर नाही. घरमालक सरपोतदारांकडे एकट्याच्या नावावर घेतलेल्या खोलीत माणसं वाढली आणि ती खोली गेली. आता नवी घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार. बस. दोघांनी बायको बनून लुगडी नेसायचं कारण तिथे पूर्ण झालं. तीच गोष्ट २००९ मध्ये ‘पेइंग गेस्ट्स’ नावाने हिंदीत आली आणि थेट थायलंडला जाऊन बसली. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी, जॉनी लिव्हर, म्हणजे नट काही कच्चे नव्हते. पण रंगीबेरंगी परदेशी लोकेशनवर या चौघांना राहायला जागा नाही, ही भीती पोटात उतरत नाही. ती उतरली नाही की साडी नेसणं म्हणजे नुसती सोंगबाजी उरते, आणि सोंगाला पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा येत नाही. थिएटरातली शांतता तिथून सुरू होते. लोक मात्र बाहेर येऊन सांगतात, ‘लक्ष्याची सर नाही.’ लक्ष्याची सर नव्हतीच येणार. पण नुकसान त्याआधीच पटकथेत झालेलं असतं.

आता ‘हेरा फेरी’त दिग्दर्शक प्रियदर्शननी काय केलं बघा, कारण रिमेक शिकायचा तर तिथून शिकावा. मल्याळम सिनेमात इनोसंट यांचा मन्नार मत्ताई हा नाटक कंपनीचा मालक आहे. केरळात फिरत्या नाटक मंडळ्या घराघरात माहीत, त्यामुळे डबघाईला आलेली नाटक कंपनी म्हटलं की तिथल्या प्रेक्षकाला पुढचं सांगावं लागत नाही. हिंदी प्रेक्षकाला ते सांगत बसावं लागलं असतं. म्हणून मत्ताईचा बाबुराव गणपतराव आपटे झाला, जाड भिंगांचा चष्मा आला, नाटक कंपनीचं गॅरेज झालं. आणि धंदा बदलल्याबरोबर कथेचा खिळाही बदलावा लागला. अपहरण करणाऱ्याचा फोन चुकीच्या घरी येतो तो टेलिफोन डिरेक्टरीतल्या शेजारच्या ओळींमुळे. मालक गॅरेजवाला झाल्यावर डिरेक्टरीत त्याच्या शेजारी बसेल असं दुसरं नाव शोधणं आलं. म्हणून ‘स्टार गॅरेज’ आणि ‘स्टार फिशरीज’. इतकी छोटी गोष्ट, पण ती न जुळवता नुसती पात्रं उचलली असती तर मध्यंतराआधीच सिनेमा लंगडला असता. नीरज व्होरांच्या संवादांचं सगळे कौतुक करतात, ते रास्तच आहे. या खिळ्याचं कुणी करत नाही.

हाच हिशोब ‘बनवाबनवी’ला लावा. गरज आजही जिवंत आहे. एकट्या मुलांना फ्लॅट न देणाऱ्या सोसायट्या पुण्यात हव्या तेवढ्या सापडतील. अडचण युक्तीची आहे. आज महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. ऑनलाइन नोंदणीत आधार लागतं आणि अंगठ्याचा ठसा लागतो. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. पार्वती आणि सुधा, म्हणजे साडीतले ते दोघे, अंगठा कुठे लावणार? हे न सोडवता पुढे गेलात तर प्रेक्षक दहाव्या मिनिटालाच मनात ‘आधार कार्ड?’ म्हणतो आणि तिथून पुढे तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सोडवायचे मार्ग आहेत. करार दोन ‘नवऱ्यां’च्याच नावावर ठेवा, बायका फक्त राहायला येतात. किंवा घरमालकीणच करार टाळणारी दाखवा, तिला भाडं रोख हवंय. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण मग तिच्याकडेही लपवण्यासारखं काहीतरी येतं आणि दोन्ही बाजूंनी बनवाबनवी सुरू होते.

सत्तर रुपयांचंही तेच. सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले ते सत्तर रुपये का हसवतात? रक्कम मागायला लाज वाटावी इतकी लहान आहे आणि विसरता येऊ नये इतकी मोठी आहे. शिवाय पैसे थकलेत ते घरमालकाचेच, म्हणजे धनंजय मानेला (अशोक सराफ) उर्मटपणाही परवडत नाही. आज महागाईच्या हिशोबाने आकडा वाढवून चालणार नाही, लाजेच्या हिशोबाने वाढवावा लागेल. माझ्या मते हजार-बाराशेच्या आसपास. पण ते यूपीआयने दिले असतील तर कुणाला कधी गेले हे फोनवर दिसतं, आणि अर्धा विनोद तिथेच वारतो. रोखीतच दिले पाहिजेत, आणि रोखीत का दिले याचं एक वाक्य आधी पेरलं पाहिजे. भाषा बदलून हे होत नाही, निर्मातेसाहेब.

दुसरी चूक संकलनात होते. भरलेलं थिएटर दणकून हसलं तर हशा ओसरायला दोन-तीन सेकंद जातात. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर पन्नास ते सत्तर फ्रेम झाल्या. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं की ते बुडालं. ते वाक्य नुसतं विनोदी असेल तर एकवेळ ठीक, त्यात कथेची माहिती असेल तर पुढचा प्रसंग कळत नाही आणि त्यावरचा हशाही गेला. ‘बनवाबनवी’त अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी हे सगळे रंगभूमीवरून आलेले. हशा कधी उतरतो आणि पुढचं वाक्य कधी सोडायचं हे अंगात मुरलेलं. आणि सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा माणूस, त्याच्या कागदावरच श्वासाला जागा असते. रिमेक करणारे ती जागा ‘सिनेमा संथ होतो’ म्हणून कापतात.

जागा ठेवायची ती रिकामी नव्हे. प्रत्येक मोठ्या हशानंतर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा रिॲक्शन शॉट हवा, दोन-तीन सेकंदांचा, बिनसंवादाचा, आणि तो स्वतः पाहण्यासारखा हवा. म्हणजे थिएटरात तो हशाखाली जातो आणि मोबाइलवर एकट्याने बघणाऱ्याला पोकळी वाटत नाही. हे शॉट चित्रीकरणाच्या दिवशीच घ्यावे लागतात. उशीर झाला की दिग्दर्शक पहिली काट यांच्यावरच मारतो, आणि मग संकलकाच्या हातात बोलणाऱ्यांचेच क्लोजअप उरतात. साडीतल्या चालीचा विनोद तर क्लोजअपमध्ये मरतोच. पाय दिसले पाहिजेत.

ऐकणाऱ्याचा चेहरा किती कामाचा, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘प्यार किये जा’तला मेहमूदने ओम प्रकाशला भुताची गोष्ट ऐकवण्याचा प्रसंग. तमिळमध्ये तोच प्रसंग नागेश आणि बालैया यांनी केला होता. तिथे सिनेमा कंपनीचं नाव ‘ओहो प्रॉडक्शन्स’, हिंदीत ‘वाह वाह प्रॉडक्शन्स’. मेहमूद दाराची करकर, पावलं, सगळं तोंडाने करतो. समोरचा श्रीमंत बाप हळूहळू घामाघूम होतो. विनोद मेहमूदच्या गोष्टीत नाहीच, ती गोष्ट भंकस आहे. विनोद ओम प्रकाशच्या घाबरण्यात आहे. याच्या नकला पुष्कळ झाल्या. बहुतेकांत कॅमेरा गोष्ट सांगणाऱ्यावर चिकटलेला आणि मागे धडाधड भीतीचं संगीत. संगीत आलं की बापाला घाबरायला खरं कारण मिळालं. खेळ खलास. ‘धूमधडाका’त बाप झाले शरद तळवलकर आणि मेहमूदची जागा लक्ष्मीकांतने घेतली. पण लोकांनी घरी नेलं काय? अशोक सराफांचं ते ठसक्यातून निघालेलं ‘व्याख्या विख्खी वुख्खू’. ते ना तमिळमध्ये ना हिंदीत. किशोरकुमारने केलेली भूमिका त्यांच्या वाट्याला होती आणि त्यांनी किशोरकुमारकडे पाठ फिरवली, हे बरं केलं.

प्रेक्षकांचं म्हणाल तर रिमेकला दोन जमाती एकाच थिएटरात बसतात. एकीला मूळ सिनेमा पाठ आहे, दुसरी कोरी आहे. पाठ असलेली जमात वाक्य येण्याआधीच खिदळते किंवा मोठ्याने म्हणून टाकते, आणि कोऱ्या जमातीला ते ऐकूच येत नाही. म्हणून गाजलेली वाक्यं जशीच्या तशी ठेवायची असतील तर दोन-तीनच ठेवा, आणि तीही वेगळ्या माणसाच्या तोंडी, वेगळ्या वेळी. पाठवाल्यांना फसवलं की तेच जास्त हसतात. आणि प्रतिक्रिया प्रीमियरला मोजू नका, तिथे सगळे ओळखीचे. अनोळखी माणसांसाठी खेळ लावा, हॉलमधला आवाज रेकॉर्ड करा आणि संकलनाच्या टेबलावर सिनेमाच्या ध्वनीला जुळवून ऐका. कुठे हसले यापेक्षा हसायला हवं तिथे खोकले का, ते शोधा. दोष बहुतेक वेळा त्या वाक्यात नसतो, चार मिनिटं आधी राहून गेलेल्या माहितीत असतो.

पुरुषांनी साडी नेसणं आज चालेल का, हाही प्रश्न यातच येतो. चालेल, जोवर हसणं उघडं पडण्याच्या भीतीला आहे. बाईसारखं दिसण्यालाच हसायचं असेल तर आजचा तरुण प्रेक्षक अवघडतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आता थोडं आवरतं घेतो. हे सगळं प्रसंगावर चालणाऱ्या विनोदाला लागू. एखाद्या नटाच्या देहबोलीवरच उभ्या असलेल्या सिनेमाचा रिमेक करूच नये, तिथे तुमचा टोमणा मान्य. गाणीही मी सोडून दिली, तो वेगळा विषय आहे. आणि मी लिहिण्याच्या बाजूचा, त्यामुळे नटांना कमी श्रेय देतोय असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

खरंच करायला घेणार असाल तर आधी हक्कांचं बघा. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८८ च्या सिनेमाचा २०४८ अखेरपर्यंत. कथा-संवाद लिहिणाऱ्याचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ते हिशोब वेगळे. इथे तर खाली हिंदी आणि त्याच्याही खाली बंगाली आहे. कुणाकडून काय घ्यायचं हे वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय नटाला फोन करू नका.