टिटवीचं घरटं उन्हाळ्यात पाहताना

पहिलं घरटं टिटवीचंच निवडा. नांगरट, माळ, तळ्याचा काठ, कुठेही सापडेल. घरटं कसलं, जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती खडे. अंडी बहुधा चार, निमुळती टोकं आत. मातकट रंगावर काळे ठिपके असल्याने पायाखाली आली तरी कळत नाहीत, म्हणून शेतात बांधावरूनच चाला.

एप्रिल-मेच्या उन्हात अंड्यांना धोका थंडीचा नसतो, तापण्याचा असतो. पक्षी दुपारी अंड्यांवर उभा राहून सावली धरतो, पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. त्या वेळी तुम्ही त्याला उठवलंत तर अंडी थोड्याच वेळात भाजतात. त्यामुळे ११ ते ४ घरट्याकडे फिरकूच नका. सकाळी साडेसहा ते नऊ, किमान ५० मीटरवरून, ८×४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीने बघा. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरा.

वळिवाची गारपीट झाली तर धावत जाऊ नका. पाऊस थांबल्यावर लांबूनच पाहा. पक्षी बसलेला दिसला, एवढं पुरेसं आहे. घरट्याशेजारी पाण्याचं भांडं ठेवू नका, कावळे आणि कुत्री तिथेच येतात. खुणेची काठीही नको, कावळा तिच्यावरच बसतो.

वहीत वेळ, आभाळ, पक्षी बसलेला की उभा, पोट ओलं की कोरडं, हे लिहा. साधारण २८ दिवसांनी पिल्लं निघतात आणि लवकरच खळगा सोडतात. निपचित पडलेलं पिल्लू दिसलं तर उचलू नका, ते लपलेलं असतं.