गाडी पेट्रोल जास्त पितेय, सेन्सर कुठला घेऊ?

प्रश्न : काका नमस्कार. माझी 2006 ची मारुती 800 एमपीएफआय आहे, वडिलांनी घेतलेली, आता मी वापरतो, सातारा ते कराड रोजचं जाणंयेणं. आधी लिटरला 17-18 द्यायची ती आता 12 वर आलीय. सकाळी पटकन चालू होते, पण गरम झाल्यावर पाच मिनिटं बंद ठेवून परत सेल्फ मारला की खूप त्रास देते, सायलेन्सर आतून काळाकुट्ट झालाय. मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला. ओरिजिनल महाग आहे, लोकल पाव किमतीत मिळतोय. कुठला घेऊ?

उत्तर : आत्ता कुठलाच घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे थंड गाडी झकास आणि गरम गाडीला त्रास, त्यावरून माझा पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर (सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरातला ऑक्सिजन बघणारा) नाही, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टेम्परेचर सेन्सरवर जातो. हा सेन्सर म्हणजे आत एक रेझिस्टन्स असतो, थंड असताना जास्त आणि तापला की कमी. गाडीचा कॉम्प्युटर तेवढ्यावरच ठरवतो की इंजिन गार आहे का गरम. गार वाटलं तर जास्त पेट्रोल सोडतो, जुन्या गाड्यांत आपण चोक ओढायचो ना, अगदी तसंच. आता सेन्सर बिघडला किंवा त्याच्या कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पिनेवर हिरवा गंज चढला तर रेझिस्टन्स वाढलेला दिसतो आणि कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, मग तुम्ही कराडला पोचलात तरी गाडी चोकवरच चाललेली असते. आणि मुख्य म्हणजे इंजिन गरम झालंय असं वाटेपर्यंत कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, त्यामुळे नवा कोरा ऑक्सिजन सेन्सर टाकलात तरी अॅव्हरेज 12 च राहील आणि पैसे गेलेले असतील.

तपासायचं कसं ते सांगतो, घरी होतं. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढा (गरम असताना हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येतं). बहुतेक अशा गाड्यांत दोन सेन्सर असतात, एका वायरीचा असतो तो मीटरच्या काट्याचा, आपल्याला हवाय दोन वायरींचा. मल्टिमीटर लावून साध्या पाण्यात धरा, 20 डिग्रीला साधारण सव्वादोन ते अडीच हजार ओहम यायला पाहिजेत. मग भांडं गॅसवर ठेवा आणि आकडा बघत राहा, तो न अडखळता उतरत जाऊन 80 डिग्रीला तीनशे ओहमच्या आसपास आला पाहिजे. मध्येच थांबला, उडी मारली, किंवा सात-आठशेवरच राहिला तर सेन्सर गेला. आकडे बरोबर आले तर कपलर साफ करा, वायर हलवून बघा, इंजिनची अर्थिंगची पट्टी खोलून घासून परत घट्ट बसवा. 2006 च्या गाडीत माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

अजून एक, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा : थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे का? आपल्याकडे गाडी एकदा हीट झाली की तो काढून फेकून द्यायची सवय आहे, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. लागतो हो! तो 80-82 च्या पुढे उघडतो म्हणून तर इंजिन त्याच्या तापमानावर राहतं. तो नसला की हायवेला, विशेषतः थंडीत, इंजिन खरोखरच गार राहतं, मग सेन्सर खरं सांगत असतो आणि दोष मात्र त्याच्यावर येतो.

टेम्परेचर सेन्सर बदलायचा झालाच तर जुन्यावर कोरलेला नंबर दाखवूनच घ्या, नुसतं "800 चा द्या" म्हणू नका. माझं स्वतःचं झालंय. खूप वर्षांपूर्वी एका दुकानातून स्वस्तातला सेन्सर आणला, आटे तेच, कपलर तेच, गार पाण्यात आकडाही बरोबर, आणि मी गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकला. गाडी पेट्रोल पितच राहिली, त्याने इंजेक्टर साफ करून घेतले, प्लग बदलले. शेवटी मी तो काढून गरम पाण्यात धरला तर सहाशेच्या खाली यायलाच तयार नाही. त्या माणसाचे पैसे मी परत केले पण महिनाभर त्याची गाडी उभी राहिली त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून नवा सेन्सरसुद्धा पाण्यात धरल्याशिवाय बसवत नाही.

हे सगळं करूनही फरक नाही पडला तर मग ऑक्सिजन सेन्सर. गरम इंजिनवर त्याचं व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या मध्ये सतत वरखाली नाचलं पाहिजे. एका जागी बसून राहिलं तर बदला, पण त्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग फुंकत नाही ना ते बघा, तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की चांगला सेन्सरही खोटं बोलतो. इथे मात्र पाव किमतीचा घेऊ नका. वायरी जुन्याइतक्याच आणि कपलर आहे तसाच बसणारा घ्या. वायर कापून जोडायचा प्रकार मला आवडत नाही, कारण बऱ्याच सेन्सरना आतली हवा त्या वायरींमधूनच मिळते, डाग देऊन जोडलं की ती वाट बंद होते. आणि जवळपास सिलिकॉनचं सीलंट वापरू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांची प्रीमिअर पद्मिनी आहे, आम्ही जपून ठेवलीय, रविवारी गावातून एक चक्कर असते. गेल्या वर्षी कॉइल नवीन टाकली तेव्हापासून सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) महिना-दीड महिन्यात जळतात. तीन सेट झाले. पॉइंट कुठल्या कंपनीचे घेऊ? (कोल्हापूर)

उत्तर : आधी वाचून फार बरं वाटलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे घरात जपलेली प्रत्येक गाडी मोलाची आहे.

पॉइंटची कंपनी बदलून काही होणार नाही, कॉइल चुकीची आलीय असं वाटतं. बाजारात 12 व्होल्टच्या दोन जातीच्या कॉइल मिळतात, बाहेरून सारख्याच दिसतात. एकीच्या छोट्या दोन टर्मिनलमध्ये मीटर लावला की 3 ओहमच्या आसपास येतं, ती सरळ जोडायची. दुसरीला दीड ओहम येतं, तिच्या आधी करंट कमी करायला वेगळा बॅलास्ट रेझिस्टन्स लागतो. ही दुसरी तशीच जोडली तर 4 च्या जागी 8 अँपिअर करंट पॉइंटमधून जातो, मग ते जळणारच आणि कॉइलही हात लावू देणार नाही इतकी तापत असेल. मोजून बघा, दीड आलं तर 3 ओहमची आणा. सोबत कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे आणि तो खराब असला तरी पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर, फीलर गेजने, पोस्टकार्डाने नाही. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक थेंब द्या. जुने काढलेले पॉइंट फेकू नका, तुमच्याकडचा एखादा सेट कमी जळलेला असेल तर घासून डिकीत ठेवा, रस्त्यात उपयोगी पडतो.

प्रश्न : 2005 ची वॅगन आर, सीएनजी बसवलेला, ठाणे-नाशिक जाणं असतं. पेट्रोलवर छान, सीएनजीवर कसारा घाटात मिसिंग मारते. इरिडियम प्लग टाकले तर जाईल का?

उत्तर : जाईलही, पण कदाचित थोडे दिवसच. सीएनजी पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि घाटात लोड आला की अजून लागतं, त्यामुळे जी कमजोरी पेट्रोलवर झाकून राहते ती इथे उघडी पडते. आधी प्लगचा गॅप बघा, झिजून वाढला असेल. सीएनजीला 0.7-0.8 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. मग रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि हाय टेन्शन वायरींवर (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी) पाण्याचा बारीक फवारा मारा, निळ्या ठिणग्या वायरीवरून इंजिनच्या लोखंडावर नाचताना दिसल्या तर सापडलं. हात लांब ठेवा, झटका जोराचा असतो. वायरी पूर्ण सेटच बदला, एक-एक नको, आणि रेझिस्टन्सवाल्याच घ्या. नुसत्या तांब्याच्या वायरी कोणी "पॉवर वाढते" म्हणून देतात, त्या गाडीच्या कॉम्प्युटरला आणि सेन्सरना गडबडवतात.

प्लग घेताना एक गोष्ट सगळ्याच वाचकांना सांगतो कारण दुकानातसुद्धा ही चूक होते. एनजीकेच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड जातीचा (टोकाची उष्णता पटकन सोडणारा), बॉशचा आकडा वाढला की गरम जातीचा (उष्णता धरून ठेवणारा), म्हणजे दोघांचं उलटं आहे. एनजीकेचा बीपीआर6ईएस आणि बॉशचा डब्ल्यूआर7डीसी जवळपास सारखे, पण कोणी "7 च्या जागी 7" म्हणून एनजीकेचा 7 दिला तर तो जास्त थंड, शहरात काजळी धरणार. आणि शेवटून दुसरं अक्षर ई म्हणजे आटे 19 मिलिमीटर, एच असेल तर 12.7. एचच्या जागी ई बसवला तर पिस्टनला लागू शकतो. पहिल्यांदा हाताने फिरवून बसवा, पाना नंतर. ओरिजिनल आहे का बघायचं असेल तर खालचा वॉशर फिरवून काढायचा प्रयत्न करा, सहज निघून हातात आला तर तो प्लग दुकानदाराला परत द्या.