गाळा, पण पिळू नका

प्रश्न : ताई, मी लेस्टरला राहते. काचेच्या 4.5 लिटरच्या डेमीजॉनमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीत) मीड, म्हणजे मधाची दारू, घातलंय : मध, अर्धा किलो रासबेरी आणि दोन मुठी एल्डरफ्लॉवर (एल्डर झाडाची फुलं). बुडबुडे थांबलेत. वर लगदा तरंगतोय, खाली गाळ बसलाय. चक्का बांधायच्या फडक्यातून पिळून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. मी तेच करून बसले आहे. पंचा उकळून घेतला, पुरचुंडी बांधली आणि दोन्ही हातांनी पिळली. रंग सुरेख आला, पण मीड गढूळ ते गढूळच. रासबेरीतलं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) उतरलं, वर बियांचा तुरटपणा. शिवाय पातेल्यात धार पडताना हवा मिसळली. दोन महिन्यांनी बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. सगळं सिंकमध्ये गेलं. आंबताना कार्बन डायऑक्साइड सांभाळून घेतो. आंबणं थांबलं की मीडला हवा सोसत नाही.

आधी हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) लावा. आठवड्याच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, तरच आंबणं संपलं म्हणायचं. मग डेमीजॉन चार-पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवा. यीस्ट तळाला घट्ट बसतं. गारव्याने एअरलॉकमधलं (बुचावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं, म्हणून तेवढे दिवस त्यात पाण्याऐवजी व्होडका घाला.

आता डेमीजॉन न हलवता ओट्यावर, रिकामी बरणी जमिनीवर. सायफनच्या (वरच्या भांड्यातला द्रव खालच्या भांड्यात ओढणाऱ्या) नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी दोऱ्याने बांधा, नाहीतर रासबेरीची एक बी सगळं अडवते. जाळी, नळी, बरणी, सगळं निर्जंतुक हवं. नळी लगद्यातून खाली सरकवा, पण गाळाच्या दोन बोटं वर थांबवा. दुसरं टोक बरणीच्या तळाला टेकवा, म्हणजे धार उडत नाही. तोंडाने ओढू नका. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घ्या. शेवटचा कपभर सोडून द्या. तिथे माझाही हात आखडतो, पण गढूळपणा नेमका त्यातूनच येतो.

पुढच्या वेळी फळं सुरुवातीलाच जाळीच्या पिशवीत घाला, रुंद तोंडाच्या बादलीत. एल्डरफ्लॉवरचे हिरवे देठ काढून टाका; ते कडू असतात आणि पोटालाही बरे नाहीत.

आणि हो, इंग्लंडात घरापुरतं करायला मुभा आहे, विकायला नाही. महाराष्ट्रातल्या बहिणीला कृती पाठवणार असाल तर तिकडे परवाना लागतो, हेही कळवा.

उरलेला लगदा कंपोस्टमध्ये. मी एकदा केकमध्ये घातला होता. नवऱ्याने बिया मोजत खाल्ला.