‘मोठ्या बाबांवर गेला आहे’

मे महिन्याच्या दुपारी, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेळ ठरवल्याशिवाय सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी मात्र एक बाई चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून मानेवाड्याहून स्कूटर चालवत आल्या, कूलरसमोर दोन मिनिटे बसल्या आणि पाणी पिण्याआधीच पर्समधून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. वहीत मोबाइलवरून उतरवून घेतलेली चौदा लक्षणे होती आणि त्यांपैकी अकरांपुढे लाल पेनाने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. ‘सायकोपॅथ कसा ओळखावा’, म्हणजे ज्याला दुसऱ्याची कळकळ नाही आणि पश्चात्तापही होत नाही असा माणूस कसा ओळखावा, असे वर ठळक अक्षरांत लिहिले होते.

“चौदापैकी अकरा, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आता खरं सांगा, माझा मुलगा पुढे गुन्हेगारच होणार का?”

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला वारंवार ऐकू येतो, म्हणून त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीतला. दीड महिन्यात त्याने घरच्या कपाटातून थोडे थोडे करून 18,000 रुपये काढले आणि मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात घालवले. ते पैसे आजीच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले होते. शिकवणीला जातो असे सांगून तो मित्रांबरोबर फुटाळा तलावावर बसत असे आणि चाचणीचे गुण खोटे सांगत असे. सगळे उघडकीस आल्यावर वडिलांनी मारले, तेव्हा तो भिंतीला टेकून नुसता उभा राहिला. “डोळ्यांतून टिपूस नाही, मॅडम. त्याला काही वाटूनच नाही राहिलं,” असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी दुसरे कारण सांगितले. त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, तरुणपणी असेच वागत असत आणि आता घरातले सगळेच ‘पोरगा मोठ्या बाबांवर गेला’ असे म्हणू लागले होते.

आधी त्या वहीविषयी. पहिलीच खूण ‘नातेवाइकांत मिसळत नाही’ या वाक्यापुढे होती. आपल्याकडे एकलकोंड्या, अबोल माणसाला सर्रास ‘अँटीसोशल’ म्हणतात, पण मानसशास्त्रात या शब्दाचा अर्थ समाजविघातक असा आहे, म्हणजे दुसऱ्यांचे हक्क आणि सामाजिक नियम पुन्हा पुन्हा तुडवणे; लग्नात कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलाशी त्याचा काही संबंध नाही. ‘लवकर कंटाळतो’ आणि ‘गोड बोलून काम काढून घेतो’ या दोन खुणांवर तर नागपुरातली निम्मी अकरावी पकडता येईल, असे मी म्हटले तेव्हा त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. रॉबर्ट हेअर या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली जी मूळ सूची या सगळ्या मोबाइल याद्यांची पणजी आहे, तिच्यात वीस मुद्दे आणि चाळीस गुण आहेत. ती प्रौढांसाठी आहे आणि प्रशिक्षित तज्ज्ञाने दीर्घ मुलाखत घेऊन, शिवाय त्या व्यक्तीची जुनी कागदपत्रे तपासूनच भरायची असते. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृतीचे निदानही अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी करता येत नाही आणि त्यासाठी पंधराव्या वर्षाआधीच गंभीर वर्तनसमस्या सुरू झाल्याचा पुरावा लागतो. हा नियम मुलांवर मेहेरबानी म्हणून केलेला नाही. त्यामागे मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून मिळालेली माहिती आहे.

अमेरिकेतील ली रॉबिन्स यांनी बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या 524 मुलांचा तीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला आणि 1966 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समाजविघातक वागणाऱ्या बहुतेक प्रौढांचे बालपण तसेच होते, परंतु तसे वागणारी बहुतेक मुले पुढे तशी प्रौढ झाली नाहीत. पालक नेमके हे दुसरे अर्धे वाक्य विसरतात. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी न्यूझीलंडमधील डनेडिन येथे जन्मलेल्या 1,037 मुलांच्या अभ्यासाचा आधार घेऊन हाच भेद अधिक नेमका मांडला: काहींचे बिघडलेले वर्तन अगदी लहानपणापासून दिसते आणि टिकून राहते, तर त्यांच्याहून कितीतरी अधिक मुलांचे ते पौगंडावस्थेत सुरू होते आणि तारुण्य स्थिरावता स्थिरावता ओसरते.

म्हणून मी आईंना विचारले ते ‘काय केले’ एवढेच नव्हते. हे केव्हापासून सुरू आहे? पाचवी-सहावीत तो कसा होता? शाळा, घर, मित्र, शेजार या सगळीकडे तो असाच वागतो का? कुत्र्या-मांजरांना किंवा लहान मुलांना त्रास देण्यात त्याला मजा वाटते का? उत्तरे बरीचशी दिलासा देणारी होती. दहावीपर्यंत एकही तक्रार नव्हती. बिघाड सुरू झाला तो शिकवणी बदलल्यावर आणि नवा मित्रगट मिळाल्यावर. तरीही ‘वयच आहे, होईल नीट’ असे मी म्हटले नाही. ते वाक्य म्हणून विषय संपवणाऱ्या पालकांची मला वही घेऊन येणाऱ्या आईपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण दहा वर्षांच्या आत सुरू झालेली क्रूरता, आग लावणे, शस्त्र दाखवून धमकावणे किंवा दुसऱ्याच्या दुःखाकडे सातत्याने थंडपणे पाहणे असे काही असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात एक आठवडाही दवडू नये. तसल्या मुलांतही माराचा उपयोग होत नाही. उबदार संगोपन आणि चांगल्या वागण्याची तत्काळ घेतलेली दखल यांचाच त्यातल्या त्यात फायदा होतो.

दुसऱ्या भेटीला मुलगा आला. चेहरा कोरा, उत्तरे ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’. येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. त्या दिवशीच्या टिपणात मी ‘पश्चात्ताप दिसत नाही’ असे लिहिले. आईने भिंतीला टेकलेला मुलगा पाहून जो निष्कर्ष काढला, तोच मी पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर पाऊण तासात काढला होता. सतत अपमान झालेली मुले अनेकदा चेहरा बंद करून घेतात, हे मी इतरांना शिकवते.

तिसऱ्या भेटीत मी चोरीचा विषयच काढला नाही. सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस सांग, एवढेच म्हटले. सांगता सांगता तो म्हणाला, “मग आठ वाजता आजीच्या डोळ्यांत थेंब.” पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून दिवसातून चार वेळा औषध घालण्याचे काम त्याच्याकडे होते आणि शिकवणी बुडवणाऱ्या या मुलाने ती वेळ एकदाही चुकवली नव्हती. फुटाळ्यावरून तो चारच्या थेंबांसाठी घरी येत असे. मी सहज म्हटले, “आजी काय बोलते तेव्हा?” तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “विचारते, दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं रे? मी काय सांगू तिला?” एवढे बोलून तो रडला, आणि बराच वेळ रडत राहिला. टिपणातले ते वाक्य मी त्याच रात्री खोडले.

रडला म्हणजे निर्दोष ठरला, असे मात्र नाही. स्वभावाचा विचार करताना आम्ही साधारणपणे पाच पैलू पाहतो: बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती, जबाबदारीचे भान, चिंताप्रवणता आणि नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. समाजविघातक वागण्याशी जुळवून घेण्याच्या वृत्तीचा आणि जबाबदारीच्या भानाचा अभाव जोडलेला आढळतो. या मुलाची दुसऱ्यांबद्दलची कळकळ शाबूत होती. मोह झाला की थांबण्याची ताकद फारच कच्ची होती. त्याला काही वाटत नव्हते असे नाही, वाटत होते ते वेळेवर हातापर्यंत पोचत नव्हते. उपाय ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आईंनी तीनदा ऐकवली, म्हणून मी मोठ्या बाबांना भेटण्याची इच्छा व्यक्त केली. ते येणार नाहीत, असे सगळ्यांना वाटत होते. ते दुसऱ्याच दिवशी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी. वय 53. अठराव्या वर्षी बापाच्या गल्ल्यातले पैसे घेऊन मुंबईला पळाले होते. परतल्यावर जुगार, मारामाऱ्या आणि एकदा पोलीस ठाण्यात रात्र. तेविसाव्या वर्षी कूलर बनवणाऱ्या एका कारागिराकडे काम धरले, तिशीच्या आत स्वतःचे दुकान टाकले. आता उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली सहा माणसे असतात आणि कोणाचा पगार अडलेला नाही. घरातल्या कोणीही ही दुसरी अर्धी कहाणी मला सांगितली नव्हती. मुद्दाम लपवली असेही नाही. त्यांच्या हिशेबात ती नोंदलीच गेली नव्हती.

मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले, “अठराव्या वर्षीच्या माझ्यावर तेरा खुणा करा.” आज किती, असे विचारल्यावर विचार करून म्हणाले, “राग अजून आहे. एक ठेवा.”

92 दीर्घकालीन अभ्यासगटांची आकडेवारी एकत्र करून 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात जे दिसले, तेच हा माणूस माझ्यासमोर बसून सांगत होता: जबाबदारीचे भान आणि भावनिक स्थैर्य वयानुसार वाढत जाते, आणि सर्वांत मोठा बदल विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांदरम्यान होतो. स्वभावातील फरकांपैकी साधारण चाळीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते, हे खरे. पण ही टक्केवारी लोकसमूहातील फरकांविषयी आहे, एका पुतण्यात काकाचा किती अंश उतरला ते तिच्यावरून काढता येत नाही. आणि काकावर जायचेच असेल, तर कोणत्या वयाच्या काकावर?

मोठ्या बाबांकडून मी मानसशास्त्रज्ञ एड डायनर यांची जीवनातील समाधान मोजणारी छोटी प्रश्नावली भरून घेतली. पाच विधाने, प्रत्येकाला एक ते सात गुण, एकूण पस्तीसपैकी. त्यांचे तेरा आले, म्हणजे स्पष्ट असमाधान. दुकान चांगले, मुलगी नोकरीला लागलेली, प्रकृती ठीक, तरी तेरा. मी आकड्याकडे पाहत राहिले, तेव्हा तेच बोलले. “मॅडम, मी भावाच्या घरात पाय ठेवला की कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज येते. तीस वर्षं झाली, ऐकून राहिलो.”

मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीत आपण दुष्ट शक्तींचा पुतळा, म्हणजे मारबत, मिरवत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतो आणि वर्षभराची पीडा जाळून मोकळे होतो. या घराने एका माणसाची मारबत केली, पण ती जाळून संपवली नाही. दरवर्षी तीच मिरवली आणि आता तिच्या जागी उभा करायला दुसरा मुलगा शोधला होता. आपला 2015 चा बाल न्याय कायदासुद्धा विशेष परिस्थिती वगळता कायद्याच्या संघर्षात सापडलेल्या मुलाच्या नोंदी पुसून त्याला नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व मानतो. हे मी आईंना सांगितले तेव्हा त्या रागावल्या. मी घर कसे चालवते ते तुम्हाला काय माहीत, असे म्हणून निघून गेल्या आणि तीन आठवडे आल्या नाहीत. बोलताना मी घाई केली होती, हे मला मान्य आहे.

त्या परत आल्या तेव्हा वडीलही सोबत होते. आम्ही जे ठरवले त्यात उपदेश फारसा नव्हता. मोबाइलवरील पैशांचे व्यवहार बंद, मार बंद, सकाळची शिकवणी आणि शनिवारी-रविवारी मोठ्या बाबांच्या दुकानात काम. तिथे कूलरच्या ताट्या बदलणे, पंप बसवणे, गिऱ्हाइकाची नोंद लिहिणे; मजुरीतले आठवड्याला 400 रुपये आजीच्या पाकिटात आणि तेही मुलाने स्वतःच्या हाताने टाकायचे. शिवाय मोह झाला तर आधी कोणाला फोन करायचा, मित्राला काय सांगायचे, कोणत्या रस्त्याने घरी यायचे, हे वाक्यावाक्याने ठरवून त्याचा सराव केला. थांबण्याची ताकद अशीच बारीकसारीक गोष्टींतून बांधावी लागते. आजीला खरे काय ते त्यानेच सांगितले. ती काय म्हणाली, हे त्याने मला सांगितलेले नाही आणि मीही विचारले नाही. शस्त्रक्रिया मोठ्या बाबांनी पैसे देऊन जुलैत करून घेतली, त्यामुळे मुलाचे देणे आता त्यांच्याकडे वळले आहे.

सप्टेंबरमध्ये तो पुन्हा एकदा खोटे बोलला, शिकवणीच्या फीबद्दल. आईंनी रात्री अकराला मला संदेश पाठवला, ‘बघा, मी म्हटलं होतं ना’. सकाळी दुसरा संदेश आला, की त्याने उरलेले 900 रुपये परत आणून ठेवले आहेत आणि बाकीचे कुठे गेले तेही सांगितले आहे. दोन्ही संदेश मी त्याच्या टिपणात चिकटवून ठेवले आहेत. देणे अजून 9,600 आहे, आणि कूलरचा मोसम संपल्यामुळे मोठ्या बाबांनी त्याला गिझर दुरुस्त करायला शिकवायला घेतले आहे. कपाटाच्या कुलपाबद्दल आईंनी मला काही सांगितलेले नाही.