होडीवरचा पहिला हिवाळा

उजनीच्या पाण्यावर तुझा हा पहिलाच हिवाळा, म्हणून सांगतो. पहाटेचं धुकं उठेपर्यंत होडी काठालाच ठेव. धुक्यात दुसऱ्याची जाळी दिसत नाहीत आणि पंख्यात दोरा गुंतला की इंजिन तिथंच बंद पडतं. तसं झालंच तर इंजिन वर उचल, मग दोरा उलटा फिरवून सोडव. ओढलास तर आणखी आवळतो. एक लहान सुरी कायम फळीला बांधलेली असू दे.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ने, दोन-तीन दिवस काही होत नाही.

रोहित पक्ष्यांचा थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद कर, पुढं वल्ह्यानं जा. उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चरत असतात ते. पाहुणे कितीही म्हणाले तरी फोटोसाठी थवा उडवायचा नाही. उपाशी उठतात रे बिचारे.

आणि लाइफ जॅकेट! पोहता येतं म्हणून काढून ठेवू नकोस. मे 2024 मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, 6 जण गेले. आत्ता पाणी शांत आहे तोवरच सवय लावून घे, आणि पाहुण्यांचं बक्कल स्वतःच्या हातानं ओढून बघ.