नवे मुख्याध्यापक रुजू होण्याआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुमचे मुख्याध्यापक 31 मे रोजी निवृत्त होत आहेत, जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा त्यांच्या खुर्चीत कोणीतरी नवे असेल, आणि स्टाफरूममध्ये सध्या दुसरा विषयच नाही, असे तू लिहितेस. सर्वांत कनिष्ठ शिक्षिकेने अशा वेळी काय करावे, हा तुझा प्रश्न सरळ आहे, आणि त्यामागची धास्तीही मला समजते. दरमहा 18,000 रुपये मानधनावरची शिक्षण सेवकाची, म्हणजे नोकरीत कायम होण्याआधीची, तीन वर्षे अजून पुरी व्हायची आहेत, आणि तुझ्या कामाविषयी आता तुला न ओळखणारी व्यक्ती लिहिणार आहे. धास्ती वाटणारच, तिच्यापायी होणारी धावपळ मात्र टाळ. नवे साहेब कोणत्या गावचे, कोणाच्या जवळचे, त्यांना काय चालते आणि काय खपत नाही, याची चौकशी करण्यात कोणी मे महिना घालवणार असेल, तर खुशाल घालवू दे. शाळेला स्वतःविषयी जे ठाऊक आहे, पण कोठेही लिहिलेले नाही, ते नव्या माणसापर्यंत वेळेत पोहोचवणे हे तुझ्याजोगे काम आहे.

मुख्याध्यापक बदलण्याची वेळ आपल्याकडे पुष्कळदा याच दिवसांत येते, याचे कारण गमतीचे आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी 1 जून ही तारीख लिहून मोकळे होत, आणि त्या मुलांपैकी जे पुढे शिक्षक झाले ते आता वयाची 58 वर्षे पूर्ण करून 31 मे रोजी घाऊक निवृत्त होतात. शाळा भरायला मग जेमतेम पंधरवडा उरतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे तेथे थोडी अधिक सवड मिळते. नवा माणूस दोन वाटांनी येतो. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखा असलेल्या संस्थेत तो बहुधा बदलीने येतो. एकच शाळा चालवणाऱ्या संस्थेत सेवाज्येष्ठतेच्या यादीतला, कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारा सहकारीच साहेब होतो. तुमच्याकडे बाहेरचे येणार आहेत, आणि मला ते त्यातल्या त्यात सोपे वाटते. घरातल्या बढतीत डावलला गेलेला माणूस वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याच्यासाठी 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करण्याची सोय ठेवलेली आहे, पण अनेक जण तेथे न जाता आपला राग वर्गात घेऊन जातात. बाहेरून आलेल्याची अडचण निराळी असते: त्याला काहीच माहीत नसते, आणि निर्णय मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावे लागतात.

कागदोपत्री चार्ज रीतसर दिला-घेतला जाईल. जनरल रजिस्टर म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, कॅशबुक, डेड स्टॉक म्हणजे बाके-कपाटांसारख्या सामानाची नोंदवही, सेवापुस्तके, कोरे दाखले, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि कपाटांच्या किल्ल्या यांची यादी होईल, खाली दोघांच्या सह्या होतील. नव्या साहेबांना सहीचे अधिकार मिळेपर्यंत वेतनबिले अडू नयेत म्हणून लिपिक शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा घालतील. त्यात तू पडण्याचे कारण नाही. त्या यादीत जे कधीच येत नाही, ते एका उदाहरणाने सांगते.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत पावणेअकराला प्रार्थनेची घंटा होत असे. डोंगराकडच्या वाड्यांतल्या मुली ज्या एसटीने येत, ती फाट्यावर दहा पन्नासला थांबे, आणि तेथून शाळा सात-आठ मिनिटांच्या चालीवर. जुन्या मुख्याध्यापकांनी यावर तोडगा काढला होता. त्या मुली ज्या तुकड्यांत होत्या, तेथे पहिल्या तासाला गणित-विज्ञान ठेवायचे नाही आणि हजेरी तास संपताना घ्यायची. हे कोठेही लिहिलेले नव्हते. वेळापत्रक पाहणाऱ्याला पहिल्या तासाला चित्रकला आणि पीटी दिसे, एवढेच. नवे साहेब शिस्तीचे होते. दहा पन्नासला फाटक बंद करण्याचा त्यांचा पहिलाच आदेश त्यांच्या जागी कोणीही काढला असता, कारण गावातली मुले खरोखरच रमतगमत येत. चौथ्या दिवशी भर पावसात दहा-बारा मुली दप्तरे पोटाशी धरून फाटकाबाहेर उभ्या होत्या, आणि पुढच्या सोमवारी त्यांतल्या दोघी आल्याच नाहीत. गाडीचा प्रकार कानावर आला त्याच दिवशी साहेबांनी आदेश मागे घेतला आणि गाडी थोडी अलीकडे आणावी म्हणून आगाराला पत्रही धाडले. स्टाफमधल्या प्रत्येकाला ती गाडी माहीत होती, पण ‘कळेल त्यांना हळूहळू’ असे म्हणत सगळे बसून होते, आणि दोघीतिघींना तर साहेब तोंडघशी पडतात याची गंमतही वाटत होती. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो हे खरे, पण गाडी आणि घंटा यांचा मेळ कोणीतरी घालावाच लागतो, आणि जो घालतो तो निवृत्त झाला की तो मेळही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून मे संपण्याआधी तुझ्या वर्गापुरती दोन पाने लिहून काढ. तुझी नववी ब आता दहावीत जात आहे, तेव्हा ती पाने मोलाची ठरतील. कोणते मूल कोठून आणि कशाने येते. कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि त्या वेळी मूल आजीजवळ राहते की त्यांच्याबरोबर फडावर जाते. कोणाच्या आधारवरचे नाव आणि जनरल रजिस्टरमधले नाव जुळत नाही. नववी पास होऊनही मराठीचा साधा उतारा कोण अडखळत वाचतो. नावांचा घोळ क्षुल्लक समजू नकोस. बोर्डाचा अर्ज भरताना तो उगवतो, आणि 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदे मिळणार याची मंजुरी, व्हायची असते तेव्हा आधार न जुळणारे मूल वर्गात बसलेले असूनही मोजणीत येत नाही, म्हणजे पर्यायाने शिक्षकाच्या पदावर गदा येऊ शकते. काही गोष्टी मात्र कागदावर आणू नकोस. एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी घरात चालल्याची कुणकुण असेल, तर ती मुख्याध्यापकांना समक्ष, एकटीने आणि लवकर सांग. त्या कागदाला पाय फुटले तर मुलीचे शिक्षण दिवाळीआधीच संपेल.

सहकाऱ्यांविषयी एक अक्षरही त्या पानांत असता कामा नये. नव्या मुख्याध्यापकांचे कान भरायला पहिल्या आठवड्यात रांग लागते, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे, आणि जो सर्वांत आधी येऊन सर्वांत अधिक सांगतो त्याच्याविषयी माझे मत काय होत असे, ते येथे लिहीत नाही. तुझी पाने पर्यवेक्षकांच्या हातून जाऊ देत. ती थेट नेऊन दिलीस तर चार लोक त्याला पुढेपुढे करणे म्हणतील, आणि ते सर्वस्वी चुकीचे म्हणतील असेही नाही.

पुढे काही गोष्टी बदलतील. परिपाठ लांबेल किंवा आखूड होईल, तुझा शेवटचा मोकळा तास जाईल, टाचणवही दर सोमवारी मागितली जाईल. नव्याचे नऊ दिवस म्हणून हसण्याआधी बदलामागचे कारण विचार; विचारायची जागा शिक्षकसभा, व्हरांडा नव्हे. बोलताना ‘आधीचे सर असे करायचे’ हे वाक्य मात्र तोंडून काढू नकोस. ‘फाटक दहा पन्नासला बंद केले तर या दहा मुली बाहेर राहतील’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याला विचार करता येतो. आधीच्या सरांचा दाखला दिला की त्याला फक्त राग येतो. निवृत्त झालेल्या सरांना फोन जरूर कर, त्यांची तब्येत विचार. ‘काय चाललंय शाळेत?’ असे ते विचारतीलच, कारण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही; तेव्हा मुलांविषयी भरपूर सांग आणि साहेबांविषयी थोडके. शाळेचा कारभार दोन घरांतून चालू लागला की सर्वांत आधी लिपिक आणि शिपाई यांचे हाल होतात.

मुलांना या सगळ्याची फारशी पडलेली नसते, असे मोठ्यांना वाटते. दहावीच्या मुलांना पडलेली असते. बोर्डाच्या परीक्षेआधी जादा तास होणार का, शाळा संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडी राहणार का, सहल निघणार का, हे त्यांना पहिल्याच दिवशी तुझ्याकडून हवे असेल. माहीत नसेल ते ‘माहीत नाही, विचारून सांगते’ असे म्हण आणि खरोखर विचारून सांग. पालकांशी बोलतानाही तेच. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेला नवे साहेब आणि पालक एकमेकांना जोखणार आहेतच, तुझ्याकडून आगाऊ मत मिळण्याची त्यांना गरज नाही.

एक काम तेवढे या आठवड्यात उरकून घे. तुमचे शिपाईमामा सुट्टीत गावी जातात, असे तू मागे म्हणाली होतीस. ते निघण्याआधी एक सकाळ त्यांच्याबरोबर शाळेतून फीर. पाण्याच्या टाकीत गाळ कोठवर आला आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाची कोणती कडी लागत नाही, पाऊस लागला की कोणत्या वर्गात फळ्याशेजारी गळते, हे त्यांना जितके ठाऊक आहे तितके कोणत्याच रजिस्टरात नाही. ते सांगतील तसे लिहून घे, आणि तो कागद त्यांच्याच नावाने तुझ्या पानांना जोड.

तुझ्या बाई